पाचव्या आणि सहाव्या चित्राच्या मध्ये

रत्नागिरीच्या आमच्या घरी, ओटीवरच्या भिंतीवर, एक लांबलचक छायाचित्र लावलेले आहे. ३९ इंच लांब आणि जेमतेम साडेनऊ इंच उंच. डावीकडे मिऱ्याचा डोंगर आणि त्याच्या पायाशी पांढऱ्या समुद्राची कड, मध्ये माडांत बुडालेले शहर, पुढे मिरकरवाड्याचे बंदर, मांडवी, भाट्ये खाडीचे मुख, पलीकडचे सुरूचे बन आणि उजव्या टोकाला नुसता समुद्र. घरी येणारा माणूस आधी विचारतो, हे कुठून काढले? रत्नदुर्गावरून, बालेकिल्ल्याच्या तटावरून, असे सांगितले की मान डोलावतो आणि त्यात आपले घर शोधू लागतो. या चित्रात एक चूक आहे. आजवर ती एकाच माणसाने ओळखली, आणि ती ओळखली तेव्हा त्या माणसाची दृष्टी एखाद्या नळीतून पाहावे इतकी आक्रसलेली होती.

मी पहिला डिजिटल कॅमेरा २००४ साली घेतला. कॅननच्या पॉवरशॉट मालिकेतला, चार मेगापिक्सेलचा, चार पेन्सिल सेलांवर चालणारा. तोवर छत्तीस चित्रांच्या रोलचा हिशेब करीत फोटो काढण्याची सवय होती; प्रत्येक वेळी बटण दाबताना दहा-बारा रुपये खर्च होत आहेत ही जाणीव बोटात असे. ती एकदम नाहीशी झाली. पुण्यात वर्षभर साहित्य शिकवायचे आणि दिवाळी-मे महिन्याच्या सुट्टीत घरी यायचे, असा माझा क्रम होता. येताना आता कॅमेरा बरोबर असे. पहिल्या दोन सुट्ट्यांत मी रत्नागिरीची चारपाचशे चित्रे काढली असतील. संगणकावर एकापाठोपाठ एक पाहताना लक्षात आले की ती सगळी कुठल्या तरी दिनदर्शिकेसाठी काढल्यासारखी आहेत. वाकलेला माड, फुटणारी लाट, मावळता सूर्य. हे सगळे आमच्या गावात आहे हे खरेच. पण ज्या गावात मी वाढले ते या चित्रांत कुठेच नव्हते.

याचे कारण मला माझ्या विषयाच्या वाटेने सापडले. कोकणाविषयीच्या मराठी लेखनात ‘निसर्गरम्य’ हे विशेषण ज्या सढळपणे वापरले जाते, त्याचा मला विद्यार्थिदशेपासून राग आहे. ते विशेषण काही सांगत नाही, फक्त वगळते. माडाच्या शेजारची विजेची तार, वाळूवर पसरलेली सुकी मासळी, सिमेंटच्या घराच्या गच्चीवरची काळी टाकी, हे सारे त्या एका शब्दाने चौकटीबाहेर ढकलले जाते. माझा कॅमेराही तेच करीत होता. चौकट म्हटली की निवड आली, आणि निवड करताना माझा हात आपोआप त्या रूढ विशेषणाकडे वळत होता. मग वाटले, चौकटच इतकी रुंद केली की निवडायला जागा उरू नये तर? एका जागी उभे राहायचे, क्षितिजाचा अर्धा परीघ घ्यायचा, आणि त्यात जे येईल ते येऊ द्यायचे. मिऱ्याचा डोंगर हवा असेल तर त्याच्या शेजारची पत्र्याची शेडही घ्यावी लागेल. पॅनोरामाकडे मी वळले ती अशी, थोडी वादासाठी म्हणूनच.

‘पॅनोरामा’ला मराठीत चांगला शब्द नाही. ‘विहंगम दृश्य’ म्हणतात, पण ते पाखराचे पाहणे झाले, वरून खाली. इथे माणूस जमिनीवर उभा राहून भोवताली पाहतो. त्यापेक्षा ‘सिंहावलोकन’ जवळचे वाटते, कारण त्यात मान वळवणे आहे. चालता चालता थांबून मागे वळून पाहणाऱ्या सिंहावरून तो शब्द आला. आपण मात्र त्याला अध्यक्षीय भाषणात आणि वार्षिक अहवालात नेऊन बसवला. मूळ इंग्रजी शब्दाची कथाही गमतीची आहे. रॉबर्ट बार्कर नावाच्या चित्रकाराने एडिंबरोच्या कॅल्टन हिलवर उभे राहून भोवतालचे सगळे शहर वर्तुळाकार चित्रात आणले आणि १७८७ साली त्या युक्तीचे पेटंट घेतले. तेव्हा ‘पॅनोरामा’ हा शब्द घडवला गेला नव्हता. तो ग्रीकावरून चारेक वर्षांनी आला. पेटंटात त्याने फ्रेंच नाव दिले होते, त्याचा अर्थ ‘एका दृष्टिक्षेपात निसर्ग’. १७९३ मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये त्याने अशा चित्रांसाठी खास गोल इमारत उभारली. प्रेक्षकांना अंधाऱ्या बोळातून नेऊन मधल्या चौथऱ्यावर आणले जाई, म्हणजे डोळ्यांसमोर एकदम चहूकडे दुसरेच गाव उभे राही. श्रीरंगपट्टणाचा पाडावसुद्धा १८०० साली रॉबर्ट केर पोर्टरने असाच लंडनमध्ये बसून प्रचंड कापडावर रंगवला आणि टिपूच्या मृत्यूला वर्ष होते न होते तोच लोकांनी तिकीट काढून तो पाहिला. पण बार्करच्या त्या पहिल्या नावात मोठी फसगत आहे. चहूकडचे चित्र एका दृष्टिक्षेपात मुळी पाहताच येत नाही. त्यासाठी मान वळवावी लागते, पाय फिरवावे लागतात, आणि त्याला वेळ लागतो.

कॅमेऱ्यालाही लागतो. माझ्या कॅमेऱ्याचे भिंग सर्वांत रुंद ठेवले आणि कॅमेरा उभा धरला तर एका चित्रात आडव्या दिशेने सुमारे ३८ अंश मावत. शेजारच्या दोन चित्रांत किमान तीस टक्के भाग सारखा आला पाहिजे, नाहीतर संगणकाला त्यांचे नाते जुळवता येत नाही. म्हणजे अर्ध्या परिघाला सात चित्रे. हे गणित सोपे आहे. अवघड आहे ते सातही चित्रांना एकाच स्वभावाचे ठेवणे. कॅमेऱ्याला मोकळे सोडले तर तो दर वेळी नव्याने विचार करतो: शहराकडे तोंड असताना एक उजेड ठरवतो, समुद्राकडे वळला की दुसरा, आणि मग जोडलेल्या चित्रात आकाशाला ठिगळे लावल्यासारखी दिसतात. म्हणून शटरचा वेग, छिद्राचा आकार, व्हाइट बॅलन्स हे सगळे आधीच एकदा ठरवून कुलूप लावल्यासारखे पक्के करावे लागते. निळे आकाश गडद करणारा पोलरायझर फिल्टर तर घरीच ठेवावा. आकाशाच्या निरनिराळ्या भागांवर त्याचा परिणाम निरनिराळा होतो.

याहून खोल अडचण दृष्टिस्थानाची. एक डोळा मिटून, बोट नाकासमोर धरून मान डावी-उजवीकडे वळवली तर बोट मागच्या खिडकीच्या गजांवरून सरकताना दिसते. बोट हललेले नसते, खिडकीही नसते. मान फिरते तिच्या मणक्याभोवती आणि डोळा त्या मणक्यापासून पुढे असतो, म्हणून वळताना डोळ्याची जागाही किंचित बदलते. कॅमेऱ्याचे तसेच. ट्रायपॉडचा स्क्रू कॅमेऱ्याच्या बुडाशी असतो. फिरवण्याचा आस मात्र भिंगाच्या आत, समोरून पाहिले असता छिद्र जिथे दिसते, त्या बिंदूतून जायला हवा. नाहीतर जवळच्या आणि दूरच्या वस्तू एकमेकींच्या मागेपुढे सरकतात आणि सांधा जुळत नाही. नुसते क्षितिज आणि डोंगर असतील तर हा फरक खपून जातो. तटाचा जांभा हाताच्या अंतरावर असेल तर खपत नाही. यासाठीची खास उपकरणे माझ्या ऐपतीबाहेरची होती. रत्नागिरीतल्या एका वेल्डिंगवाल्याकडून ॲल्युमिनियमची पट्टी काटकोनात वाकवून, भोके पाडून घेतली. ‘हे कशाला?’ असे त्याने विचारले, मी सांगितले, आणि त्याला ते माझ्या सहकारी प्राध्यापकांपेक्षा लवकर समजले.

२००६ च्या दिवाळीच्या सुट्टीत, पाऊस संपून हवा स्वच्छ झाली होती तेव्हा, मी किल्ल्यावर गेले. बरोबर अण्णा होते. माझे वडील आयुष्यभर बंदर खात्यात नोकरीला. कोणती बोट कधी आली, कधी सुटली, किती माल, किती माणसे, हे लिहून ठेवण्यात त्यांची तीस-बत्तीस वर्षे गेली. निवृत्तीनंतरही समुद्र दिसला की ते आधी बोटी मोजत. मला सोबत म्हणून ते आले, पण खरे तर भगवतीचे दर्शन आणि वरून मिरकरवाडा पाहणे, हे त्यांचे स्वतःचे काम होते.

दुपार कलली होती, सूर्य पाठीशी होता, शहरावर स्वच्छ तिरपे ऊन होते. तटाजवळ ट्रायपॉड लावला, पाणसळीने समपातळीत आणला, आणि मिऱ्यापासून सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचवे चित्र घेऊन कॅमेरा वळवत होते तेवढ्यात अण्णा माझ्या बाजूने पुढे आले आणि ट्रायपॉडच्या पायाला त्यांचा पाय अडकला. कॅमेरा पडता पडता मी धरला. अण्णाही सावरले. आणि मी चिडले. ‘अण्णा, जरा समोर बघून चाला ना!’ असे म्हणाले, आणि सुरात काय होते ते मला अजून ऐकू येते. त्या काळात हे वाक्य मी त्यांना बऱ्याचदा म्हणत असे. दाराच्या चौकटीला त्यांचा खांदा लागे, टेबलाच्या कडेचा पेला खाली पडे, रस्त्यावर बाजूने आलेल्या रिक्षेने ते एकदम दचकत. वय झाले, लक्ष नसते, असे आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकले होते. मी ट्रायपॉड पुन्हा समपातळीत आणला, उरलेली दोन चित्रे घेतली आणि आम्ही खाली उतरलो.

पुण्याला परत आल्यावर सात चित्रे जोडायला बसले. आधी कॅमेऱ्याबरोबर आलेला प्रोग्राम वापरून पाहिला, मग ऑटोस्टिच. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात मॅथ्यू ब्राउन आणि डेव्हिड लोव यांनी तो तयार केला होता. चित्रे कोणत्या क्रमाने काढली हेही त्याला सांगावे लागत नसे. चित्रांतल्या खुणा तो स्वतः ओळखी आणि जुळवी. शेवटी हगिनवर आले. जर्मन गणितज्ञ हेल्मुट डेर्श यांनी लिहून मोकळ्या केलेल्या पॅनोरामा टूल्सच्या पायावर उभा असलेला तो फुकटचा प्रोग्राम. दोन चित्रांतला एकच माड, एकच खिडकी, एकच खडक दाखवून नाते पक्के करायचे, की तो बाकीचे गणित करतो. पाचव्या आणि सहाव्या चित्राच्या सांध्यावर तटाच्या चिऱ्याला एक बारीक पायरी पडलेली दिसली. ट्रायपॉड हलल्याचा तो पुरावा. खालची पट्टी कापून टाकली आणि पायरी गेली. सुमारे ७,८०० पिक्सेल रुंदीचे चित्र तयार झाले. मी ते पुनःपुन्हा पाहिले आणि बिनचूक आहे असे मानले.

फेब्रुवारी २००७ मध्ये अण्णा डोळे तपासून घ्यायला पुण्याला आले. चष्म्याचा नंबर बदलला असेल एवढीच अपेक्षा होती. डॉक्टरांनी डोळ्यांतला दाब पाहिला, आतली नस पाहिली, आणि दृष्टिक्षेत्र तपासायला सांगितले. त्या यंत्रात हनुवटी टेकवून एका बिंदूकडे एकटक पाहायचे. कडेला कुठेही ठिपका चमकला की हातातले बटण दाबायचे. मी बाहेर बसून तो बटणाचा आवाज ऐकत होते. मध्ये खूप वेळ आवाज येत नसे. नंतर हातात आलेल्या कागदावर दोन वर्तुळे होती, कडेने काळी, मध्ये एवढीशी पांढरी जागा. काचबिंदू. दोन्ही डोळ्यांना, आणि बराच पुढे गेलेला. गेलेली दृष्टी परत येणार नाही. थेंब नियमित घातले तर उरलेली टिकेल.

इतके होईपर्यंत अण्णांना कळले कसे नाही, हे मी विचारले. डॉक्टरांनी शांतपणे समजावले. काचबिंदूत दुखत नाही, आणि बहुधा दृष्टी कडेकडून जाते. रोग्याला कडेला काळे दिसते असे आपल्याला वाटते, तसे काही होत नाही. डोळ्यांकडून जे येत नाही ते मेंदू आजूबाजूच्या रंगरूपावरून भरून काढतो. भिंत असेल तर भिंत पुढे वाढवतो, जमीन असेल तर जमीन. त्या माणसाच्या लेखी दृश्य अखंड असते. कडेच्या जागी काहीतरी आहे हे धडकेनेच कळते. मी तो कागद हातात धरून ऐकत होते आणि महिनाभर रात्री जागून सांधत बसलेल्या माझ्या चित्राची मला आठवण होत होती. अण्णा समोरच बघून चालत होते. त्यांना समोर सोडून दुसरीकडे बघताच येत नव्हते.

क्षितिजाचे किती अंश एका चित्रात मावतात याची उठाठेव करणारी मी, माझ्याबरोबर चालणाऱ्या माणसाचे अंश कमी होत आहेत हे मला दिसले नाही. हे लिहायला सोपे आहे. तेव्हा मात्र मी कोणाजवळ बोलले नाही, आणि छापून आणलेले ते लांब चित्र कपाटाच्या माथ्यावर गुंडाळून ठेवले. ते अण्णांना दाखवणे मला क्रूरपणाचे वाटू लागले होते.

मे महिन्यात घरी जाताना ते बरोबर नेले ते आईच्या आग्रहाने. ओटीवर सतरंजी पसरून त्यावर चित्र उलगडले, गुंडाळून गुंडाळून वाकलेल्या कडांवर पाट ठेवले. अण्णा स्टूलावर बसले, मग ते गैरसोयीचे वाटून खाली मांडी घालून बसले. डाव्या टोकावर बोट ठेवले आणि हळूहळू उजवीकडे सरकू लागले. बाकीचे आम्ही चित्रापासून दोन पावले मागे सरून ‘वा!’ म्हणत होतो. त्यांना मागे सरून उपयोग नव्हता. ते वाचत होते. मिऱ्याचा डोंगर. धक्का. पांढरा समुद्र. ही नवी इमारत कोणाची? हा पिंपळ अजून आहे तर. बोट पुढे सरके, नजर तेवढ्यापुरती तिथे, मागचे सुटलेले, पुढचे अजून यायचे. पाऊण तास तरी गेला असेल. चहा निवला. कॅमेऱ्याने जसे ते चित्र काढले होते, तुकड्या-तुकड्याने, डावीकडून उजवीकडे, तसेच ते पाहिले जात होते. इतक्या सावकाश ते मीही पाहिलेले नव्हते.

मिरकरवाड्याशी ते थांबले. थोडे पुढे गेले, परत मागे आले. मग म्हणाले, ‘ही लाँच दोनदा आहे.’

मी वाकून पाहिले. धक्क्याच्या टोकाशी बंदराबाहेर पडणारी एक लाँच होती, निळ्या पट्ट्याची. आणि तिथून वीतभर उजवीकडे, उघड्या समुद्रावर, दक्षिणेकडे तोंड करून निघालेली आणखी एक, निळ्या पट्ट्याचीच.

‘दोन असतील,’ मी म्हणाले.

‘एकच आहे. बावटा बघ. आणि मागची डोलकाठी जरा वाकलेली आहे, दोन्हीकडे सारखीच.’ ते थोडा वेळ गप्प राहिले. ‘धक्क्यापासून इथवर यायला लाँचला चार-पाच मिनिटं तरी लागतात. तू मध्ये थांबली होतीस का गं?’

मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, ‘हां, मी तुझ्या तिकाटण्याला अडखळलो, ती वेळ. मला ते दिसलंच नव्हतं.’

यात तक्रार नव्हती. बंदराच्या नोंदवहीत एखाद्या आकड्याचा मेळ लागावा तसे ते बोलले, आणि मेळ लागल्याचे समाधानही त्यांच्या चेहऱ्यावर होते. बोट पुढे सरकले. भाट्ये, सुरूचे बन.

मी साहित्य शिकवताना कथनातल्या काळाविषयी बरेच बोलते. दोन वाक्यांमध्ये दोन वर्षे कशी जातात, निवेदक कुठे थांबतो आणि थांबल्याचे कसे लपवतो, असे मुलांना विचारते. स्वतःच्या चित्राला तो प्रश्न विचारायचे मला सुचले नाही. पॅनोरामा जागेच्या बाबतीत प्रामाणिक असतो म्हणून मी त्याच्याकडे गेले होते. पत्र्याची शेड त्याला लपवता येत नाही हे खरे. पण काळ तो लपवतो, आणि इतक्या सफाईने की सात निरनिराळे क्षण एका संध्याकाळचा एकच क्षण म्हणून भिंतीवर टांगता येतात. तटाच्या चिऱ्यावरची पायरी मला दिसली होती, कारण ती जवळ होती आणि ती चूक माझ्या हातची होती. समुद्रावरची बोट मला दिसली नाही.

रत्नागिरीत आक्रसलेल्या दृष्टीचा आणखी एक माणूस आहे, पण तो कादंबरीतला. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १८८६ पासून १९१६ मध्ये मरेपर्यंत इथे नजरकैदेत होता. आज ज्याला आपण थिबा राजवाडा म्हणतो तो त्याला १९१० मध्ये मिळाला. अमिताव घोष यांच्या ‘द ग्लास पॅलेस’ या २००० सालच्या कादंबरीतला थिबा घराच्या सज्जात उभा राहून दुर्बिणीतून समुद्र न्याहाळतो, आणि येणारी-जाणारी गलबते गावाच्या आधी त्याला कळतात. ती कादंबरी मी पूर्वी वाचली तेव्हा तो प्रसंग मला राजेपण गेलेल्या माणसाचा विरंगुळा वाटला होता. अण्णांना ओटीवर पाहिल्यानंतर तो पुन्हा वाचला. दुर्बीण म्हणजे छोटेसे वर्तुळ आणि भोवती काळोख. त्यात एका वेळी एकच गलबत मावते, म्हणून ते नीट पाहिले जाते.

पुढे हगिनबरोबरच्या नव्या प्रोग्रामांत सांधा हवा तिथून वळवून नेण्याची सोय आली. चालती माणसे, हलणाऱ्या फांद्या दोन चित्रांच्या सामाईक भागात आल्या की त्या अर्धपारदर्शक दिसतात. त्यांना या व्यवसायातले लोक भुते म्हणतात, आणि भुते काढण्याचे उपाय आहेत. माझी लाँच भूतही नव्हती, दोन्ही जागी ती सदेह होती, त्यामुळे तिला काढणे आणखी सोपे. सहाव्या चित्रातली लाँच पुसून तिथे समुद्र भरला आणि ते दुरुस्त चित्र मी पुण्याच्या घरी लावले. चांगले दिसते. रत्नागिरीचे बदलायला मात्र अण्णांनी दिले नाही. ‘असू दे. दोन्ही वेळा ती होतीच की तिथे,’ एवढेच म्हणाले.

थेंब रोज रात्री, घड्याळ लावून. दृष्टी उरली तेवढी शेवटपर्यंत टिकली. वर्तमानपत्र ते स्वतः वाचत. २०१५ मध्ये अण्णा गेले. त्यानंतर काही वर्षांनी मी राजापूर तालुक्यातल्या कशेळीला कातळशिल्प पाहायला गेले. निसर्गयात्री संस्थेच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षे सडे तुडवून जी शेकडो खोदचित्रे उजेडात आणली, त्यांतला हा हत्ती. सुमारे १८ मीटर लांब, १३ मीटर रुंद, आणि त्याच्या अंगात कोरलेली इतर कितीतरी जनावरे. २०२२ मध्ये कोकणातली ही चित्रे युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली, आणि आता ड्रोनवरून काढलेला अख्खा हत्ती कुठेही पाहायला मिळतो. प्रत्यक्ष सड्यावर उभे राहिले की तो दिसत नाही. एक रेघ दिसते, तिच्या कडेने चालत गेले की पाय दिसतो, मग पोट. इथे कॅमेरा एका जागी फिरवून भागत नाही. हत्ती जमिनीवर सपाट पसरलेला, तेव्हा कॅमेराच पावलापावलाने पुढे न्यावा लागतो. मी तो तसा नेला, आणि खाली बघत चालताना माझा खांदा कुंपणाच्या खांबाला लागला.

आता फोन हातात धरून गोल फिरले की पॅनोरामा तयार. सहा पायांची कुत्री आणि वाकलेली घरे येतात, पण सांधे शोधायची गरज कोणाला वाटत नाही. मीही फोनच वापरते. किल्ल्यावरची ती सात मूळ चित्रे एका सीडीवर होती. २०१६ मध्ये घर आवरताना ती सापडली, आणि सुदैवाने वाचताही आली. डिजिटल कॅमेरा प्रत्येक चित्राच्या पोटात त्याची वेळ लिहून ठेवतो. ती पाहण्याचे मला दहा वर्षांत सुचले नव्हते. पहिले चित्र १७ वाजून ११ मिनिटे ३१ सेकंद. तिथून पुढची दर आठ-दहा सेकंदांनी. पाचवे १७ वाजून १२ मिनिटे ८ सेकंद. सहावे १७ वाजून १६ मिनिटे ३१ सेकंद.

चार मिनिटे तेवीस सेकंद. कॅमेरा सावरणे, माझे ते वाक्य, ट्रायपॉड पुन्हा समपातळीत आणणे, हे सगळे धरून फार तर दीड मिनिट. उरलेली तीन मिनिटे आम्ही तिथे काय करीत होतो ते मला आठवत नाही. अण्णा बहुधा तटावर बसले असावेत, आणि ती लाँच बाहेर जाताना पाहत असावेत.